मार्गशीर्षातला पट्टेवाला

तो डिसेंबर मी विसरूच शकत नाही. साल २००५. न्यू जर्सीतल्या खाडीकाठच्या एका गावात मी पोलिसांच्या बोट पथकात होतो. पथकात मराठी माणूस मी एकटाच, आणि त्याचा मला तेव्हाही अभिमान होता.

त्या खाडीत थंडीत स्ट्राइप्ड बास मिळतो. अंगावर काळे पट्टे, म्हणून आपली मंडळी त्याला ‘पट्टेवाला’ म्हणत. हौसेने गळ टाकून तो धरता येतो. पण लहान मासा सोडून द्यायचा आणि विकायचा तर मुळीच नाही, असा तिथला कायदा.

एक दिवस निनावी फोन आला. धक्क्यावरची एक छोटी बोट जवळजवळ रोज पहाटे निघते, लहान मासे मारते आणि ते विकले जातात. बोट एका म्हाताऱ्या अमेरिकन नावाड्याची निघाली. हौशी लोकांना मासेमारीला नेऊन तो पोट भरायचा. झडतीत फळीखाली लहान बासची मुंडकी सापडली. म्हातारा परोपरीने सांगत होता, “गुडघ्यांमुळे मी दुपारशिवाय पाण्यात जात नाही. चावी बोटीतच असते, कोणीही नेईल.” कोणी ऐकेना. त्याचा परवाना आणि बोट दोन्ही जाणार, हे जवळपास ठरलंच होतं.

मला एकच गोष्ट खटकत होती. फोन करणारा म्हणाला होता की बोट गुरुवारी कधीच जात नाही. “बुधवारी जास्त पीत असेल,” माझ्या सहकाऱ्याने निकाल देऊन टाकला.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी गस्त संपवून गारठलेला घरी आलो आणि बायकोला म्हणालो, “आज झणझणीत माशाची आमटी कर.”

“अहो, मार्गशीर्षातला गुरुवार आहे! घट मांडलाय मी. जिभेला जरा आवर घाला.”

हातातला चहाचा कप तसाच राहिला. गिऱ्हाईकं आपलीच होती तर!

शुक्रवारी पहाटे आम्ही धक्क्यावर दबा धरून बसलो. दोर गोठून काठीसारखे ताठ झाले होते. उजाडता उजाडता तीच बोट परतली. उतरला तो पुण्याचा एक संगणक अभियंता, म्हाताऱ्यानेच मासेमारी शिकवलेला. बर्फाच्या पेटीत लहान मासे खच्चून भरलेले.

ठाण्यात त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले. वकील नको म्हणाला.

“काका, आज फर्स्ट टाइम घेतली बोट, प्रॉमिस. घरी फ्रीज करणार होतो यार, साइज चेक करायला विसरलो.”

हे खरं धरलं असतं तर आधीचं सगळं पाप म्हाताऱ्याच्याच माथी राहिलं असतं. पण थंडीत हा मासा तळाशी सुस्त पडून असतो, आमिष अगदी सावकाश हलवावं लागतं. मीही घाई केली नाही. कॉफी दिली, घरच्यांची चौकशी केली, गळ कुठला वापरतोस ते विचारलं. तो खुलला. मग सहज म्हणालो, “अरे, काल का नाही गेलास? पाणी किती शांत होतं!”

“काल गुरुवार ना काका! कोण घेणार? बुधवारचेच उरलेत अजून...”

आणि त्याने जीभ चावली. सहकारी माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला भाषांतर करून सांगितलं, शिवाय मार्गशीर्षही समजावला. मग मात्र मुलाने सगळं कबूल केलं आणि जबाबावर सही केली.

पुढच्या गुरुवारी म्हातारा भलामोठा बास घेऊन आमच्या दारात हजर! बायकोने मासा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही, म्हाताऱ्याला मात्र आत बसवून पुरणपोळी वाढली. खाताना त्याचे डोळे भरून आले. “उद्या दुपारी माझ्याच बोटीने जाणार,” एवढंच तो म्हणाला. मासा शुक्रवारपर्यंत अंगणातल्या बर्फात पडून होता.

या प्रकरणाने मला शिकवलं की माणूस पोलिसांपुढे विचार करून बोलतो, पण घरच्या रीतीभातींबद्दल बोलताना त्याला विचार करावाच लागत नाही. तिथेच कान द्यायचा. ठाण्यात माझं नाव ‘थर्सडे’ पडलं. निवृत्तीच्या दिवशी दिलेल्या पाटीवरही त्यांनी तेच कोरलं. माझं खरं नाव त्यावर नाही, तरी ती पाटी मी दिवाणखान्यात सगळ्यांना दिसेल अशी लावली आहे.