ग्रीक देवीच्या कडेवरचं पोर

त्या ग्रीक देवीचा मला अजूनही राग येतो. इथे आखातात, सखीरकडच्या एका बंगल्याच्या बागेत ती उभी आहे, माझ्याच हातची.

मी मूळचा पेणचा, गणपतीच्या कारखान्यात हात बसलेला. इथे तुबलीतल्या वर्कशॉपमध्ये आम्ही फायबरचे खांब, कारंजी, सिंह असला माल काढायचो. मॅनेजर पुण्याचा, मराठीच, पण महाखडूस. एका सकाळी त्याने एका प्राचीन मूर्तीचा फोटो माझ्यापुढे टाकला. शांतीची देवी आणि तिच्या कडेवर संपत्तीचं बाळ. बाळ तिचं नव्हेच म्हणे, ती नुसती वाढवणारी.

"एवढं उरक, मग जा लीव्हवर," तो म्हणाला.

लीव्हसाठी माझा जीव तुटत होता. मुलगी सात महिन्यांची झाली होती आणि मी तिला फक्त फोनवर पाहिलं होतं. बायको रोज सांगायची, "आता कुणाकडेही झेपावते ती. लवकर या. माणसं ओळखायला लागली की तुमच्याकडे यायची नाही."

मी जेवणाच्या सुट्टीतही मातीत हात घालून बसलो. मॉडेल केलं, साचा काढला, फायबर भरलं. मूर्ती उभी राहिली आणि मॅनेजर भडकला.

"अरे, बेबी समोर काय बघतंय? फोटो बघ ना! ते तिच्याकडे बघतंय, ती त्याच्याकडे."

खरं होतं. आमच्याकडे पार्वतीच्या मांडीवरचा बाळगणेशसुद्धा समोर बघतो. माणसापासून तोंड फिरवलेला देव घरी कोण नेणार? माझा हात सवयीने चालला होता.

"साहेब, बाळाचं तोंड दिसायला नको का?"

"ही ग्रीक आहे, तुझ्या पेणचं गिऱ्हाईक नाही. नवीन कर. तोवर लीव्ह खलास."

त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, कारण माझा व्हिसा त्याच्या सहीवर होता. ग्राइंडर घेतला आणि त्या पोराचं मुंडकं उडवलं. खोटं कशाला बोलू, उडवताना बरं वाटलं. पण नुसतं डोकं फिरवून भागेना. त्याचा खांदा बदलला, तिची मान वाकवली, साचा पुन्हा काढावा लागला. दोन महिने गेले. रोज त्या बाईच्या तोंडावरची माया घासून गुळगुळीत करताना मी तिला मनात शिव्या घालत होतो.

शेवटी घरी पोचलो. बायको मुलीला कडेवर घेऊन दारातच उभी होती. मी बॅग टाकली आणि हात पुढे केले. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं. खालचा ओठ बाहेर आला, आणि तिने मान वळवून आईच्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली. बायकोनेही मान वाकवून तिच्याकडे पाहिलं.

मला दिसत होते ते पोरीचा कान आणि पाठ. मॅनेजरला हवं होतं, अगदी तसंच.