अजून तुटतोय

गेल्या गुरुवारी संध्याकाळी मी नाहूरच्या एका मोबाईलच्या दुकानात कबुलीजबाब द्यायला गेलो होतो. गुन्हा किरकोळ, पण सलग चार दिवस केलेला...

झालं असं की महिन्यापूर्वी नवा फोन घेतला. त्याच कंपनीचा चौथा. हाताला वजनदार, फोटो सुंदर, फक्त फोन म्हणून चालत नव्हता. घरात रेंजची एकच दांडी, तीही पाहुण्यासारखी येऊन-जाऊन. माझ्या वाक्यातला कर्ता पलीकडे पोचायचा आणि क्रियापद नाहूरलाच राहायचं.

दुकान घाडीताईंचं. आधीचे तिन्ही फोन त्यांच्याकडचेच. त्या म्हणाल्या, "सर, सोडा ना आता ही कंपनी. दुसरीचा देते, झकास चालतो."

मी म्हटलं, बारा वर्षांचं नातं आहे, एका आजारपणात सोडायचं नसतं.

"कंपनीला तुमचं नावपण माहीत नाही ओ!"... बाईंचं बोलणं असंच, थेट मालवणातून आलेलं.

तर अशा एकनिष्ठ गिऱ्हाइकासाठी कंपनीचा नियम होता. दुकानाने पंधरा दिवस रोज फोन करून बघायचं, कुठे तुटतो ते वहीत लिहायचं, मग पीस बदलून मिळणार. "पण तक्रार खोटी निघाली तर माझ्या दुकानावर फुली बसते हां," हे त्यांनी तेव्हाच बजावलं.

रोज सकाळी अकराच्या सुमारास फोन यायला लागला. "हां सर, आता किचनमध्ये जा... आता गॅलरीत... आता आतल्या खोलीत." आतली खोली आईची. ती गेल्यापासून दीड वर्ष मी तिचं दार लोटूनच ठेवलं होतं. घाडीताईंना हे ठाऊक असायचं काही कारण नाही. तांत्रिक कारणास्तव गेलो. रेंज तिथेही नव्हती.

खरं सांगायचं तर माझ्या नंबरवर येणारे फोन आईचेच असत. मावश्या, आतेबहिणी, गाववाले... "आईला दे जरा" हे पहिलं वाक्य. ती गेल्यावर ते थांबले, यात कोणाची चूक नाही. मी घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासतो. प्रुफं आपणहून बोलत नाहीत.

त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवसापासून मी पावणेअकरालाच कुकर लावून फोनजवळ बसू लागलो. तपासणी दोन मिनिटांत उरकायची. मग भाजी काय केली, बांगडा कसा महाग झालाय, मी मासे खात नाही म्हणजे माझं कसं वाया गेलं... असं पाचेक मिनिटं चालायचं.

आणि सोमवारी सकाळी उठलो तर रात्रीत कसलासा अपडेट येऊन फोन बरा झालेला. चारही दांड्या भरलेल्या. अकरा वाजता ताईंचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. "काय सर, आज कसा आहे?"

वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवताना मी कोणाला एक विसर्ग खाऊ दिला नाही. तोच मी म्हणालो, "अजून तुटतोय." आणि पुराव्यादाखल दोन-चार अक्षरं स्वतःच गिळली.

मंगळवारीही गिळली. बुधवारीही. गुरुवारी फोन ठेवल्यावर मात्र डोक्यात उजेड पडला. तीन दिवसांनी पंधरवडा संपणार, पीस कंपनीत जाणार, ठणठणीत निघणार आणि फुली बसणार ती त्या बाईच्या दुकानावर. माझ्या पाच मिनिटांच्या गप्पांसाठी. जेवण गेलं नाही.

संध्याकाळी गेलो आणि एका दमात सांगून टाकलं. "ताई, सोमवारपासून फोन चांगला चालतोय. मी खोटं बोललो."

त्या कोणाच्या तरी फोनला काच चिकटवत होत्या. वर बघितलंसुद्धा नाही. "माहीत आहे. फोन तुटतो ना सर, तेव्हा मागची कुकरची शिट्टीपण तुटते. तुमची शिट्टी आपली लांबलचक, आणि तुम्ही तेवढे मधेच गायब! नाटकात कोण घेणार नाही तुम्हाला."

तक्रार त्यांनी मंगळवारी संध्याकाळीच बंद करून टाकली होती. म्हणजे दुकान सुरक्षित होतं. मी विचारलं, मग काल आणि आज फोन कशाला केलात?

"तुम्ही कशाला उचललात?"

मी काउंटरवरची फोनची कव्हरं चाळू लागलो...

काच बसवून झाल्यावर त्याच बोलल्या, जरा हळू. "माझे बाबा गावी एकटेच असतात. त्यांचा फोन कधी बिघडतच नाही ना... मग करायचा राहून जातो."

मी म्हटलं, मग उद्यापासून अकराला त्यांची रेंज तपासा. "बघू," म्हणाल्या. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं.

शुक्रवारी अकरा वाजले, साडेअकरा झाले. दांड्या चारही, फोन गप्प. शिट्ट्या मी एकट्यानेच ऐकल्या. तिकडे बाप-लेकीच्या गप्पा रंगल्या असतील, असं मी धरून चाललोय. सल्ला देणाऱ्याने एवढं सोसायला हवं.

ताईंचे आभार इथे मानून उपयोग नाही, त्यांना असलं काही वाचायला वेळ नसतो. म्हणून तुम्हालाच कळवतो. गेल्या महिन्यात तुमच्यापैकी कोणी मला फोन करून बघितला असेल आणि लागला नसेल, तर दोष फोनचा होता. आता लागतो... अकराच्या सुमारास तर फारच छान.