आटत्या तळ्यातली जाळी

आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. आष्टीकडच्या आमच्या मच्छीमार सोसायटीत शहाणा माणूस एकच होता, माझे थोरले साडू. आणि त्यांना वेडं ठरवण्यात सचिव म्हणून माझा हात होता.

किती झालं यात साडूंना रस नसे, किती होऊ शकेल एवढंच ते बघत. लग्नात समोरच्या पंगतीचे जबडे न्याहाळून वाढप्याला सांगत, "पानं पन्नास हायत, पर खाणारे ऐंशीचे हायत. भात टाक अजून." भात खरंच कमी पडला की वधूपिता रागानं त्यांच्याकडेच बघे. तळ्यावरची सोसायटीची मोजणी त्यांच्याकडं होती, तिथंही तेच. तक्त्यात 'नावा' एवढाच रकाना, म्हणून मी दरसाल 'दोन' लिहून मोकळा होई. साडू मात्र ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारे मोजत, जाळ्यांची लांबी दोन्ही हात पसरून वावेनं मोजत, आणि कोण किती वेळ पाण्यात टिकतो ते काठावरच्या विडीच्या थोटकांवरून ठरवत. "नाव मासा धरती व्हय? माणूस धरतो."

दुष्काळात तळं मधल्या डोहापुरतं उरलं. आम्हाला वाटलं, आता मासेमारी आपोआप कमी होणार. साडू तीन दिवस काठावर बसले आणि तक्ता न भरता कोऱ्या कागदावर एकच आकडा लिहून, सही करून आले. "पाणी आटलं की जाळं वाढतं, सचिव. भरल्या तळ्यात चाळीस खपत होती, आता चारच सोडा. बाकीची लिंबाला टांगा. डोहात बियाण्याची मरळ हाय, तेवढी ऱ्हाऊ द्या."

अध्यक्षांची निवडणूक तोंडावर होती. "चार जाळी म्हंजी चारच मतं," ते म्हणाले. "साडूचं काय घिऊन बसलात? त्यो जबडे मोजतो." साडूंच्या सहीच्या कागदावर मी चारपुढं शून्य ठेवलं. आठ दिवसांत डोह साफ झाला. पुढं पाऊस झाला, तळं भरलं, आणि जाळ्यात नुसतं शेवाळ येऊ लागलं.

सभेत कागद फिरला. "ही मोजणी कुणाची बे?" मागून कुणीतरी विचारलं. साडूंनी कागद बराच वेळ पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. "सही माझी हाय," एवढंच बोलले. मोजणी त्यांच्याकडून काढून घेतली गेली. घरी जाताना माझ्या फटफटीवर मागं बसून ते हळूच म्हणाले, "शून्य लई गोल काढता तुमी, सचिव. माझं वाकडं येतं."

साडू आता थकलेत, काही मोजत नाहीत. सभा मात्र दरसाल भरते. चाळीस मी लिहिले, साडूंनी चारच लिहिले होते, हे तिथं उभं राहून सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.