नागम्माच्या डोळ्यांना झेपेल एवढं इंजिन

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रेवणप्पानं तीस वर्षं जॉबरकी, म्हणजे यंत्रमागांची दुरुस्ती, केली. रुसलेला माग त्याचा हात लागला की निमूट टॉवेल विणायला लागायचा. मोटर नेहमी लागते त्याहून एक नंबर वरची बसवावी, हा त्याचा नियम. माणूस सोन्यासारखा, पण हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाचंही ऐकायचा नाही.

काम सुटल्यावर त्यानं रिमोटवर उडणारं विमान बांधायला घेतलं, ते बायकोसाठी. नागम्माची नजर आतून विझत चालली होती. फार तर वर्षभर, असं डॉक्टर म्हणाले होते. स्वप्नात मात्र तिला लख्ख दिसायचं. सकाळी चहा गाळता गाळता ती सांगायची, "वळसंगच्या आमच्या रानावर तांबडं पाखरू फिरत हुतं. लई सावकाश. पंखबी हलवत न्हवतं." ते पाखरू तिला जागेपणी दाखवायचं, नजर आहे तोवर, एवढंच रेवणप्पाच्या डोक्यात होतं. हलक्या लाकडाच्या फासळ्या तो चिकटवायचा आणि गोंद वाळेपर्यंत ती बोटांनी दाबून धरायची. पाच फुटांचे तांबडे पंख तयार झाले.

उडवायला त्याला हृषीकेशनं शिकवलं. तो कॉलेजात मास्तर, दर रविवारी माळावर स्वतःची विमानं उडवायचा. तो म्हणाला, "काका, एवढ्याला साडेसहा सीसीचं इंजिन पुरे." रेवणप्पानं दहाचं आणलं. नाकापेक्षा मोती जड झाला. नाक झुकलं म्हणून त्यानं शेपटीत शिसं भरलं. एवढं वजन हवेत टिकवायचं तर विमानाला जोरात पळतच राहावं लागतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

वळसंगच्या माळावर विमान सुसाट सुटलं आणि उतरताना एक चाक मोडून बसलं. खुर्चीतली नागम्मा मान वळवत राहिली. "कुटं हाय वो? मला निस्ता आवाज आला की."

घरी येऊन रेवणप्पानं स्वतःच्या हातानं ते इंजिन उतरवलं.

"मागाला जोर लागतो, काका," हृषीकेश म्हणाला. "ह्याला हवाच उचलून धरते. आपण नुसतं हळूहळू पुढं न्यायचं." या वेळी रेवणप्पानं वाद घातला नाही. साडेसहाचं बसवलं, शिसं काढून टाकलं, मोडलेलं चाक बदललं.

पुढच्या रविवारी कोवळ्या उन्हात विमान वर गेलं. ज्वारीवरून संथपणे वळलं, पुन्हा वळलं, जणू त्याला कुठं जायचंच नव्हतं. माळ, रान, सगळंच अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटत होतं. नागम्मानं बोट वर केलं. "त्यो बगा, त्यो!"

रेवणप्पाला आनंद झाला, पण मनात पाल चुकचुकली. बोट आवाजामागनं तर फिरत नसेल? विचारायचा त्याला धीर होईना.

तेवढ्यात तेल संपलं. इंजिन बंद पडलं आणि माळावर एकदम शांत झालं. हलकं झालेलं विमान नुसतं तरंगत, मोठं वळण घेत खाली येऊ लागलं. रेवणप्पानं हळूच नागम्माकडं पाहिलं. तिचं बोट त्या तांबड्या पंखांना धरून फिरत होतं, बाभळीवरून, बांधावरून, थेट जमिनीपर्यंत.

"टेकलं बगा," ती म्हणाली.