नवव्या कादंबरीतला पंच

सत्तेला लेखकाची भीती वाटते, असं गंभीर चेहऱ्यानं सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मीही पस्तीस वर्षं वर्गात हे सांगत आलो. पण आमच्याकडच्या सत्तेला प्रभाकर वाठोरेची कधी भीती वाटली असेल, असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही. त्याच्या आठ कादंबऱ्यांत मिळून पाच मंत्री, दोन सभापती आणि साखर कारखान्याचा एक अध्यक्ष खुनी निघाले होते, आणि त्यांतल्या तीन कादंबऱ्यांच्या प्रकाशनाला सत्तेनं स्वतः अध्यक्ष पुरवला होता. प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला बँकेत, निवृत्तांच्या रांगेत, आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला उभा होतो. त्याची मुलगी सुजाता म्हणाली, "काका, पप्पा सकाळी गेले. चहा ठेवला होता त्यांनी..." मी रांग सोडली नाही. पुढचे तिघं होईपर्यंत थांबलो, अंगठा दिला, मशीननं मी जिवंत असल्याचं मान्य केलं, आणि मग नांदेडची एसटी पकडली. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण थांबून राहण्याची माझी सवय या लेखात पुढंही येणार आहे.

आम्ही नांदेडला कॉलेजात एका बाकावर होतो. पुढं मी लातूरला मराठी शिकवायला लागलो आणि तो महसूल खात्यात कारकून झाला. मुदखेडला स्टेशनजवळ त्याचं घर, आणि बदल्या आसपासच्या तालुक्यांत. चाळिशी उलटल्यावर त्यानं एकदम लिहायला घेतलं, तेही राजकीय रहस्यकथा. लातूरचा एक प्रकाशक प्रवेश परीक्षांची गाइडं छापायचा. गाइडांच्या कागदाची जी रिमं उरायची त्यांवर प्रभाकरची कादंबरी निघायची. 'खुर्चीखालचा सुरुंग', 'विश्रामगृह क्रमांक सात', 'मंत्र्याचा तिसरा मोबाईल'. बसस्टँडवर शेंगदाण्याच्या गाड्याशेजारी त्या टांगलेल्या असत आणि खपतही. प्रत्येक पुढाऱ्याला वाटायचं की खलनायक म्हणजे आपला विरोधक, म्हणून दोन्ही गटांचे कार्यकर्ते त्या आवडीनं वाटायचे. मी त्याची मुद्रितं तपासायचो आणि जमेल तिथं कात्री लावायचो. मी त्याला एकदा विचारलं, "मंत्रालय पाहिलंस का रे कधी?" तो म्हणाला, "एकदा. पोरीच्या जातपडताळणीच्या कामाला गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावर चुकलो अन् दोन तास हिंडलो. त्याच्यावर तर चार पुस्तकं निघाली, मास्तर."

त्याच्या प्रत्येक हस्तलिखितात एक माणूस यायचा. पंच. गुन्ह्याच्या जागी पोलीस पंचनामा करतात, त्यावर दोन तटस्थ माणसांच्या सह्या लागतात, त्यांतला एक. कारकुनी पेशाचा, नाव नसलेला. मध्येच कुठंतरी दोन-चार पानं यायचा, तयार पंचनाम्यावर सही करायला नकार द्यायचा आणि निघून जायचा. त्याच्या नकारानं कथानकाचं काहीच अडायचं नाही. खून पुढं चालू, हेलिकॉप्टर पुढं चालू. मी दर वेळी त्याला काढून टाकायचो. समासात लिहायचो, 'याचा उपयोग काय?' प्रभाकर वाद घालायचा नाही. एकदाच, पाचव्या कादंबरीत, माझ्या नजरेतून दोन पानं सुटली आणि पंच छापला गेला. प्रकाशनाला साहेब आले होते. साहेब म्हणजे आमच्याकडचे एक मातब्बर पुढारी. त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या शाखा मोजायच्या तर अर्धा दिवस जाईल. त्यांचं खरं नाव लिहीत नाही, त्यामुळं वाचकांचं काही अडेल असं नाही. भाषणात ते म्हणाले, "वाठोरेंनी रंगवलेला गृहमंत्री लई नालायक हाय. आमच्या विरोधी बाकांवर असे पुष्कळ बसून राहिलेत." सभागृह हसलं. नंतर चहाच्या वेळी ते आमच्या दोघांजवळ आले आणि प्रभाकरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुस्तक झकास. ते पंचाचं मात्र उगीच आलंय. पुढच्या आवृत्तीत काढून टाका." मी लगेच म्हणालो, "साहेब, मीही हेच सांगत असतो." त्यांच्या वाङ्मयीन जाणिवेचं मी मनातून कौतुकही केलं. प्रभाकर बशीत सांडलेला चहा पीत होता.

नववं हस्तलिखित त्यानं निवृत्तीनंतर, बायको गेल्यावर लिहिलं. मी समासात तेच लिहून पाठवलं. तर तो ते घेऊन स्वतःच लातूरला आला. माझ्या घराभोवती सगळे क्लासेस. खिडकीतून टॉपर पोरांचे हसरे फलक दिसतात. त्या फलकांकडं बघतच म्हणाला, "आठ बाऱ्या काढलास तू त्याला. ह्या बारीला ऱ्हाऊ दे."

"अरे, पण तो करतो काय?"

"सही करत न्हाई. तेवढंच करतो. मला तेवढंच जमलं न्हवतं."

मग त्यानं सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी तो एका तालुक्याच्या कचेरीत होता. पोलिसांना पंच लागले की ते कचेरीला पत्र देतात, आणि कचेरी अशाला पाठवते ज्याला नाही म्हणता येत नाही. सकाळी दहाचा सुमार. रस्त्यावर टपाल वाटणारा एक माणूस सायकलसकट पडलेला, मारुती नावाचा. खाली पोस्टकार्डं. "जमादार म्हणला, वाठोरे, ऊन लई हाय, इकडं सावलीला या अन् सही करा. सावली कशाची, तर गाडीची. साहेबांची जीप. पुढचा दिवा फुटलेला, बोनेटात सायकलीची घंटी अडकलेली. अन् कागद तर घरूनच लिहून आणलेला त्यानं. त्याच्यात काय, तर अज्ञात वाहन. मी म्हणलो, जमादार, मग हे वाहन? तो म्हणला, हे तर साहेबांचं हाय, सगळ्या जिल्ह्याला म्हाईत हाय. हे कसं अज्ञात ऱ्हाईल? अज्ञात ते येगळं..." प्रभाकर हसला नाही, मीही नाही. "अन् मी सही केली, मास्तर. त्या अज्ञात वाहनाच्या सावलीत उभा राहून, त्याच्याच बोनेटावर कागद ठेवून." गाडी कोण चालवत होतं ते त्यानं पाहिलेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात त्याची न मागता मुदखेडला, घराजवळ बदली झाली.

तो मुदखेडला परत गेल्यावर मी जुनी हस्तलिखितं काढली. आठही. समासातलं माझं अक्षर सुरेख आहे, विद्यार्थी नेहमी वाखाणायचे. 'याचा उपयोग काय?' 'अनावश्यक.' 'हा इसम पुन्हा आला.' एका ठिकाणी तर 'कंटाळवाणा' लिहून दोनदा अधोरेखित केलेलं.

त्यानंतर तो मारुतीच्या बायकोकडं जाऊन आला. कौसल्याबाई त्या रस्त्यालगतच्याच गावात राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे. प्रभाकरला वाटत होतं की आपण तिच्यासमोर मोठं गुपित उघडणार. बावीस वर्षांनी, स्वच्छ सदरा घालून, आदल्या दिवशी दाढी करून. तिनं त्याला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तर मला म्हाईतच हाय की. सबंध गावाला म्हाईत हाय. तुमी सावलीला उभे होते, मी समोरच्या बांधावर बसलेली होते. तुमी माज्याकडं बघितलं न्हाई." पाणी पिऊन झालं होतं, तरी तो तांब्या धरून बसला. तेव्हा तीच म्हणाली, "बोलून काय, समदेच बोलतेत. लेखी देता का?" लेखी कशाला हवं, असं त्यानं विचारलं. "सरकारी कागदावर माज्या मालकाला कुणीच मारलेलं न्हाई. एक तरी कागद दुसरा असू दे." तो हो म्हणून आला.

आणि तिथंच अडकला. एक पानाचा जबाब लिहायचा, तर त्याच्या हाताला ते येईना. आठ कादंबऱ्यांची सवय. पहिल्या पानावर रस्ता, सायकल, पोस्टकार्डं. तिसऱ्या पानावर गृहमंत्री हजर. नवव्या पानावर दिल्लीहून फोन. त्याचा मला फोन आला, "मास्तर, ये अन् काप." मी आज-उद्या करत तीन आठवडे लावले. खोकला होता, हे खरं आहे. माझी सून साहेबांच्या संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि तिच्या कायम मान्यतेचा प्रस्ताव त्याच महिन्यात वर गेला होता, हेही खरं आहे. शेवटी गेलो. मुदखेडच्या त्याच्या पुढच्या खोलीत दुपारभर बसून आम्ही एकेचाळीस पानांचं एक पान केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या लिखाणातून सगळं काढलं आणि पंच तेवढा ठेवला. त्यानं ते पान सुवाच्य अक्षरात उतरवलं, माझ्यासमोर सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. खाली लिहिलं होतं, 'साक्षीदार', आणि पुढं माझं पूर्ण नाव.

मी चष्मा पुसला. म्हणालो, "घरी नेऊन एकदा नीट वाचतो. एखादा शब्द मागंपुढं झाला तर..."

त्यानं पेनाला टोपण लावलं. आवाज न चढवता म्हणाला, "ऊन लई हाय का, मास्तर?"

मग त्यानं चहा केला, आम्ही जुन्या मास्तरांच्या नकला केल्या, आणि तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. कागद त्यानं स्वतःकडंच ठेवला. फलाटावर म्हणाला, "सून चांगली शिकवते म्हणून राहिले लोकं. तिचं होऊन जाऊ दे आधी." त्यानं हे टोमण्यानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. अकराव्या दिवशी सुजाताचा फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नांदेडहून बरीच मंडळी आली होती. वंदना झाली, कुणीतरी साहेबांचा शोकसंदेश वाचून दाखवला. 'निर्भीड लेखणी' हा शब्द त्यात दोनदा होता आणि साहेबांनी त्या लेखणीला नेहमीच प्रोत्साहन दिल्याचं एकदा. ते खोटं म्हणता येणार नाही. गर्दी पांगल्यावर सुजातानं एक फाईल आणून माझ्यासमोर ठेवली, आत ते एक पान. "पप्पा म्हणले होते, काका आले की दे. घाई करू नका म्हणून सांग म्हणले." ती नांदेडला दवाखान्यात परिचारिका आहे, फार बोलत नाही. मी एका ओळखीच्या वकिलाला फोन लावून विचारलं. तो म्हणाला, "सर, या कागदाला कायद्यात कुणी विचारणार नाही. सांगणारा गेला, साक्षीदार नंतर सही करणार, पंचनाम्यात वाहन अज्ञात. घरात ठेवा, नाहीतर टाकून द्या." सल्ला मोफत होता आणि माझ्या मनासारखा होता, म्हणून जास्तच टोचला. दुसऱ्या दिवशी मी आणि सुजाता कौसल्याबाईच्या गावाला गेलो. वाटेत रिक्षात मी तिला सुनेचं सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे. पप्पांनी सांगितलं होतं." रिक्षावाल्यानं गाणं लावलं.

कौसल्याबाईनं ओट्यावर सतरंजी टाकली. प्रभाकर गेल्याचं तिला कळलेलं होतं. "सांगून गेले होते, आणून देतो म्हणून," ती एवढंच म्हणाली. तिला वाचता येतं. अंगणवाडीत पोरांच्या बरोबरीनं शिकली म्हणते. कागद मांडीवर घेऊन, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत ती वाचायला लागली. आम्ही दोघं बसून राहिलो. एक पान वाचायला तिला बराच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मी प्रभाकरची आठही पुस्तकं मनातल्या मनात परत चाळली. शेवटी बोट खाली आलं आणि थांबलं.

"हितं कोण?"

"मी."

"मग?"

मी खिशातून पेन काढलं. साहेब, सून, प्रस्ताव, वकील, सगळे एका रांगेत येऊन गेले. माझ्या नावापुढं सही केली, खाली त्या दिवसाची तारीख घातली, कारण उशीर झाला तो झाला, तो लपवायचा कशाला. आपण काहीतरी मोठं केलं असं वाटायला मी नुकती सुरुवात करत होतो. कौसल्याबाईनं सही वाळेपर्यंत कागद हवेत धरला आणि मधल्या एका ओळीवर पुन्हा बोट ठेवलं.

"हितं पांढरी जीप लिवलंय."

"हो."

"पांढरी न्हवती. राखाडी होती."

"नक्की?"

"मी दीड तास तिच्याकडंच बघत होते."

सुजातानं माझ्याकडं पाहिलं. मी पेन पुन्हा काढलं आणि पुन्हा ठेवलं. कचेरीच्या रीतीप्रमाणं खाडाखोडीशेजारी लिहिणाऱ्याची छोटी सही लागते, आणि लिहिणारा उपलब्ध नव्हता. कौसल्याबाई म्हणाली, ऱ्हाऊ द्या, आणि कागद घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. त्यात जीप अजून पांढरी आहे.