एक्केचाळीस मालक

आमच्या ऑफिसात एक माणूस चिडला की बाकीच्यांना किस्सा मिळतो. माझ्याकडे तर एका आठवड्यात इतके साठलेत की कुणी चहा पाजला तरी सांगते, नाही पाजला तरी सांगते! सगळे ई-मेलच्या एका अ‍ॅड्रेस बुकाचे. लोक ऐकून हसतात. मी नाही हसत, माझं डोकं अजून तापतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. चालवतात अण्णा, आणि पत्रव्यवहार बघते मी. आता सोलापुरात समोरच्याला मान द्यायचा तर 'मालक' म्हणतात. रिक्षावालाही मालक आणि रिक्षात बसणाराही मालक! अण्णांनी प्रत्येक गिऱ्हाईकाचं नाव मला तसंच लिहायला लावलं. मालक नागपूर, मालक कोची, मालक दुबई. असे एक्केचाळीस मालक माझ्या अ‍ॅड्रेस बुकात गुण्यागोविंदाने नांदत होते.

*

मग अण्णांनी मेलची कंपनी बदलली. जुने मेल आलेच नाहीत, अ‍ॅड्रेस बुक तेवढं आलं. नव्या कंपनीच्या सपोर्टवाल्याने मला न विचारता त्याची साफसफाई केली आणि वर फोन करून सांगितलं, "मॅडम, तुमच्याकडे एकच माणूस एक्केचाळीस वेळा सेव्ह होता. मी एकत्र करून दिला!"

उघडून बघते तर एकच 'मालक' आणि त्याच्या पोटात एक्केचाळीस पत्ते. गावांची नावं गायब! पत्ते बघावेत तर नुसती अक्षरं आणि आकडे, कोण कुठला काही पत्ता लागेना.

"अहो, ही सगळी वेगवेगळी माणसं आहेत!"

"मग मॅडम, सगळ्यांचं नाव एकच कसं?"

मी फोन ठेवून दिला. प्रश्न बरोबर होता, त्याचा राग वेगळाच.

*

यात अडकले दुबईचे मालक. मूळचे बार्शीचे, पण फोन उचलायचा नाही, सगळं मेलवर. त्यांचे टॉवेल विणून तयार होते. कडेला शिवायच्या पट्टीच्या रंगांचे फोटो शनिवारपर्यंत पाठवा, नाहीतर दुसरीकडे बघतो, असं त्यांनी आधीच कळवलं होतं.

ती पट्टी शिवायची आमच्या रेणुकाक्कांनी. ऑर्डर गेली तर अण्णा त्यांना दिवाळीपर्यंत घरी बसवणार होते. त्या रोज सकाळी माझ्या दारात उभ्या.

"पत्ता घावला का वो मॅडम? कापड हाय, मशिन हाय, मी बी हाय. मग अडलंय कुटं?"

कुठे अडलंय ते त्यांना काय सांगू? मी म्हटलं, सगळ्यांनाच मेल टाकून विचारते, तुमच्यापैकी दुबईचे कोण? अण्णा खुर्चीतून उठलेच!

"गिऱ्हाईकाला 'तुमी कोण' म्हणून विचारायचं? त्यापेक्षा कारखान्याला कुलूप लावू की!"

*

सोमवारी सपोर्टकडे तक्रार नोंदवली. मंगळवारी तक्रार बंद! का, तर त्यांनी मेलवर एक प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर दिलं नव्हतं.

"कुठल्या पत्त्यावर विचारलात?"

"तुमच्या जुन्या, मॅडम."

"कंपनी बदलताना तो तुम्हीच बंद केलात ना!"

"हो मॅडम. म्हणूनच उत्तर आलं नसेल."

आणि शेवटी, 'तुमच्या संयमाबद्दल धन्यवाद.' कसला संयम? मी हातातला स्टेपलर टेबलावर आपटला, तो अजून नीट चालत नाही.

*

बुधवारी त्यांनी नवीनच टूम काढली. अ‍ॅड्रेस बुक पूर्ववत करायचं तर खात्याच्या मालकाने स्वतः फोनवर परवानगी द्यायला हवी. मी अण्णांना फोनवर बसवलं. अण्णांनी आवाजात साखर घातली.

"नमस्कार मालक! आमचं तेवढं काम करा की."

"सर, खात्याचे मालक आपणच का?"

"छे हो! मालक तुमी. आमी कसले मालक!"

पलीकडे टकटक टाइप केल्याचा आवाज आला. मी हातवारे करत होते, अण्णा हसत मान डोलवत होते. पाच मिनिटांत निकाल आला, 'बोलणाऱ्या व्यक्तीने आपण मालक नसल्याचे सांगितल्यामुळे विनंती नाकारण्यात येत आहे.'

अण्णा म्हणाले, "मान दिला तर असं करतात होय!" मी उठून नळावर जाऊन तोंड धुतलं.

*

शुक्रवारी दुपारी सपोर्टच्या साहेबांचा पत्ता मिळाला. अण्णांनी तोही 'मालक सपोर्ट' म्हणून सेव्ह करायला लावला. मी केला, आणि आठवडाभराचा राग मराठीत ओतला.

'मालक, तुमच्या माणसांना अक्कल नाही. दुबईच्या मालकांना उद्यापर्यंत पट्टीच्या रंगांचे फोटो पाठवायचे आहेत आणि त्यांचा पत्ता तुम्ही घालवलात. आमच्या रेणुकाक्का बंद मशिनसमोर बसून आहेत. त्यांच्याकडे येऊन एकदा बघा म्हणजे लाज वाटेल!'

वर पत्त्याच्या जागी 'मालक' टाइप केलं आणि पाठवून दिलं. मग लक्षात आलं, त्यांची साफसफाई अजून चालूच होती, हा नवा मालकही सेव्ह करताक्षणी त्याच पोटात गेला होता. पत्र बेचाळीस जणांना गेलं होतं!

अण्णांना कसं सांगावं याचा विचार करतेय तोवर पहिलं उत्तर आलं.

'दुबईचा मालक मीच. फोटो राहू द्या. हिरवी पट्टी लावा आणि रेणुकाक्कांना मशिन सुरू करायला सांगा.'

मी पळत जाऊन आधी रेणुकाक्कांना हाक मारली. त्या आल्या, माझ्या खुर्चीत टेकल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. मी अण्णांना बोलवायला वळले, एवढ्यात फोन वाजला. रेणुकाक्कांनीच उचलला. सपोर्टवाला होता, त्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता.

"मालकांशी बोलायचंय."

रेणुकाक्का नाक ओढत म्हणाल्या, "बोला की, मालक."