कावळ्यावरचा आळ

परसातल्या कावळ्याचा फोटो काढायला मी एक पाऊल पुढे टाकलं की तो उडून जातो. माणसाला शिवायला तोच भितो.

"अगं, बुलबुल सोडून हा काळतोंड्या कशाला?" थोरल्या जाऊबाई म्हणाल्या.

"बुलबुलावर मी कधी आळ घेतला नाही."

माझी लेक पहिल्यांदा चार दिवस बाजूला बसली ती इथेच, पोत्यावर. "कावळा शिवला," एवढंच मी तिला सांगितलं. "मला कसा दिसला नाही?" ती विचारत राहिली. पुढे मी सासूबाईंचं नाव सांगत आले. पण तिला बसवलं मीच होतं.

उद्या गौरी जेवणार. सकाळी लेकीचा फोन आला, "येत नाही गं, अडचण आहे."

"ये," जाऊबाईंना ऐकू जाईल असं मी म्हटलं, "नैवेद्य तूच वाढ. ज्यांना विटाळ वाटेल, त्यांनी परसात पान घ्यावं."